माईक चालू होता

लोकांना वाटतं मी लग्नाचे व्हिडिओ काढते. ते काम वेगळं. त्यात काही चुकलं तर घरी बसून कापता येतं, वरून गाणं टाकता येतं. माझं काम थेट प्रक्षेपणाचं. इथे छत्तीसगडात, भिलाईत नवरदेव घोड्यावरून उतरतो, त्याच क्षणाला त्याची मावशी नागपुरात आणि मित्र कॅनडात तो उतरताना पाहतात. घोडा बिथरला तर बिथरलेलाही पाहतात. मधली करोनाची दोन वर्षं तर मी लग्नांपेक्षा अंत्ययात्राच जास्त दाखवल्या. नेहरू नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. एक कॅमेरा मी लावते, दुसरा माझा नवरा सांभाळतो. पाटीवर माझं नाव आहे, आडनाव नाही. ते का नाही हे मी बरीच वर्षं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

हे लिहायला बसले त्याला कारण राग आहे. तो कमी होईल म्हणून थांबले होते. झाला नाही. तेव्हा आता आहे तसाच लिहिते.

आमच्या शाळेत गणिताच्या एक मॅडम होत्या. शाळा खाजगी, इंग्रजी माध्यमाची, नाव सांगत नाही. मॅडम मूळच्या भंडाऱ्याकडच्या, आमच्यासारख्याच बौद्ध. त्यांचे यजमान इथल्या स्टील प्लांटमध्ये होते आणि ते प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहाला राहायचे. आम्ही सेक्टर दोनला. शाळेत मॅडम हिंदी आणि इंग्रजीशिवाय बोलत नसत, पण वर्गात मी एकटी मागे राहिले की त्यांची भाषा बदलायची. सातवीत मला एक विचित्र खोड होती. गणित सुटायचं, उत्तर बरोबर यायचं, आणि मग मी ते खोडून टाकायची. मला आलं म्हणजे ते चुकीचंच असणार, असं मला वाटायचं. सगळ्या शिक्षकांना मी ढ वाटायची. मॅडमनी मात्र एकदा माझा पेपर उजेडाकडे धरला आणि खोडलेल्या रेघांखालचे आकडे वाचले.

"हे कावून खोडलं?" त्यांनी विचारलं.

"मले वाटलं चूक आहे."

"चूक आहे का नाई ते पाहाले मी आहे न. तू कायले खोडतं? तू नुसतं लिहीत जाय."

त्या वर्षी मला गणितात किती मार्क पडले ते आता आठवत नाही. पण घरची भाषा शाळेच्या इमारतीत बोलता येते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं. भिलाईतून जी मुलं इंजिनिअर होऊन जगभर गेली, त्यातली कितीतरी त्यांच्या हाताखालून गेली होती. म्हणूनच त्या रिटायर झाल्या तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की निरोपाचा कार्यक्रम सगळ्यांना लाइव्ह दिसला पाहिजे. काम माझ्याकडे आलं. मला आनंद झाला होता. ऑर्डर पुष्कळ येतात, पण आदल्या दिवशीच सगळ्या बॅटऱ्या दोनदा तपासाव्यात असं काम एखादंच असतं.

एप्रिल महिना, शनिवार, सकाळी अकराची वेळ. शाळेच्या सभागृहात चार मोठे कूलर गुरगुरत होते. मंचावर एका बाजूला पोडियम आणि मध्ये सोफा. आधी पोडियमवरून भाषणं, मग सोफ्यावर गप्पा, असं ठरलं होतं. गप्पांमध्ये जगभरातले जुने विद्यार्थी कमेंटमधून प्रश्न विचारणार आणि शाळेचे प्राचार्य ते मॅडमना वाचून दाखवणार. कूलरच्या आवाजात सोफ्यावरचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मी प्राचार्यांना आणि संस्थेच्या अध्यक्षांना कॉलर माईक लावायचं ठरवलं. कॉलर माईक म्हणजे शर्टाला अडकवायचा छोटा माईक. त्याचा आवाज आधी माझ्या मिक्सरवर यायचा आणि तिथून इंटरनेटवर जायचा. सभागृहातले भोंगे वेगळ्या माणसाच्या हातात होते. तो गप्पा सुरू झाल्यावरच हे माईक सभागृहात सोडणार होता.

हे सांगतेय कारण पुढे जे झालं ते यामुळेच झालं. सभागृहाला एक ऐकू येत होतं आणि जगाला दुसरं.

अध्यक्षांच्या कॉलरला माईक लावताना ते माझ्याशी फार गोड बोलले. वयस्क माणूस, पांढरे कपडे, अंगाला अत्तर.

"बेटा, कहाँ की हो?"

"इथेच, सर. मतलब यहीं की. सेक्टर टू."

"वो नहीं। मूल कहाँ का?"

"नागपुर साइड।"

"अच्छा, महाराष्ट्रियन! ब्राह्मण?"

मी हसले. एवढंच केलं. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, हसून माईकची तार त्यांच्या शर्टाच्या आतून ओढली. त्यांनी त्या हसण्याचा जो हवा तो अर्थ घेतला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताची आठवण आली की मला आजही डोकं धुवावंसं वाटतं. अत्तर त्यांचं होतं, पण हसणं माझं होतं.

कार्यक्रम सुरू झाला. मी सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात टेबल मांडून बसले होते. लॅपटॉप, मिक्सर, इंटरनेटचे दोन डोंगल, कानाला हेडफोन. नवरा मंचाच्या पायथ्याशी दुसऱ्या कॅमेऱ्यावर होता. मॅडमची मुलगी पुण्याहून येऊ शकली नव्हती. तिला सातवा महिना होता. ती सासरच्या सगळ्यांना घेऊन टीव्हीसमोर बसली होती, आणि सुरुवातीलाच तिची कमेंट आली होती, "आई, साडी मस्त."

भाषणं झाली. मग मॅडम पोडियमपाशी आल्या. सोफ्यावर अध्यक्ष आणि प्राचार्य शेजारी शेजारी बसले होते. मॅडम हिंदीत बोलायला लागल्या आणि दोन मिनिटांनी म्हणाल्या, "एक लड़की थी सातवीं में, जो सही जवाब लिखकर काट देती थी।"

मी हेडफोन काढले. यंत्रातून येणारा आवाज मला नको होता. त्या माझ्याविषयी बोलत होत्या आणि मला तो आवाज तिथल्या हवेतून, कूलरच्या घरघरीसकट ऐकायचा होता. चौदा-पंधरा वर्षं हे काम करते. चालू कार्यक्रमात हेडफोन काढायचे नसतात, हे मी दुसऱ्यांना शिकवते. आणि त्यातच दुसरी चूक आधीच होऊन बसली होती. माईक तपासून झाल्यावर मिक्सरवरचं प्राचार्यांचं बटण मी खाली ओढून बंद केलं होतं, अध्यक्षांचं वरच राहिलं होतं.

मी मॅडमकडे पाहत होते. त्यांचं बोलणं ऐकून लोक हसले, मीही हसले, डोळे पुसले. तेवढ्यात माझं लक्ष नवऱ्याकडे गेलं. प्रक्षेपणाचा आवाज त्याच्याही एका कानात असतो. तो कॅमेऱ्यावरून मान वळवून माझ्याकडे पाहत होता आणि कानाची पाळी जोरजोरात ओढत होता. आवाजात गडबड आहे, ही आमची खूण. मी हेडफोन कानाला लावले. शेवटचं वाक्य ऐकलं आणि अध्यक्षांचं बटण खाली ओढलं. एकूण चाळीस सेकंद होती. ती मी नंतर इतक्या वेळा ऐकली आहेत की कुठे श्वास घेतला तेही सांगू शकते.

"चलो, आज छुट्टी मिली," अध्यक्ष म्हणतात. "इतने साल झेला।"

प्राचार्य त्याच माईकमध्ये लांबून ऐकू येतात. "सर, मैथ्स का रिज़ल्ट तो हमेशा अच्छा आया।"

"रिज़ल्ट बच्चे लाते हैं। ये कोटे वाले क्या पढ़ाएँगे? अब किसी अच्छे घर की देखना।"

मग प्राचार्य हसतात. नीट, आवाज करून हसतात.

"और सुनो, माला तुम पहना देना। मैं शॉल दूर से पकड़ा दूँगा।"

"जी सर।"

खाजगी शाळेत कुठला आलाय कोटा? मॅडमनी त्या शाळेत मुलाखत दिली होती, फळ्यावर गणित सोडवून दाखवलं होतं, आणि मग चौतीस वर्षं रोज सोडवून दाखवलं. कोटा नव्हताच, तरी त्या माणसाच्या डोक्यात त्या कोट्यातल्याच होत्या. कारण त्याला आडनाव माहीत होतं. बाकी काही माहीत असण्याची त्याला गरज नव्हती.

मी कमेंट पाहिल्या. तोवर लोक बदाम आणि फुलं पाठवत होते. मग कुणीतरी लिहिलं, "ये कौन बोल रहा है?" मग, "माईक बंद करो कोई." मग, "हे भगवान." आणि मग काहीच नाही. शेकडो माणसं पाहत असताना कमेंटची खिडकी रिकामी राहिली. मॅडमच्या मुलीचं नाव पाहणाऱ्यांच्या यादीत दिसत होतं. थोड्या वेळानं ते यादीतून गेलं.

सभागृहात यातलं काहीच पोचलं नव्हतं. तिथे मॅडमचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या. प्राचार्य उठले आणि त्यांनी हार घातला. मग अध्यक्ष उठले. त्यांनी घडी केलेली शाल दोन्ही हातांच्या टोकांवर धरून पुढे केली, जसं कुणी तापलेलं भांडं धरतं. मॅडमनी ती वाकून घेतली आणि स्वतःच खांद्यावर ओढली. नमस्कार केला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात दोन कॅमेरे होते. मी चित्र बदलू शकत होते, लोकांकडे फिरवू शकत होते. मी ते केलं नाही. बधिर झाले होते की मुद्दाम दाखवलं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या अंतरावरून दिलेली शाल जगानं पाहिली, आणि ज्यांनी आधीची चाळीस सेकंदं ऐकली होती त्यांना ती कळली.

गप्पा कशाबशा पार पडल्या. कमेंटमध्ये प्रश्नच आले नाहीत. प्राचार्य म्हणाले, नेटवर्क कमजोर दिखता है. मॅडम हसून म्हणाल्या, कोई बात नहीं.

त्या फुलं घेऊन गाडीत बसून गेल्या आणि मी वायरी गुंडाळत होते, तेव्हा शाळेचे व्यवस्थापक माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात मोबाइल होता. कुणीतरी त्यांना कळवलं होतं.

"मैडम, आपकी मशीन ने ये क्या कर दिया?"

मशीनने. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून "सॉरी सर" निघालं.

"वीडियो अभी हटाइए। और नीचे लिखिए कि तकनीकी खराबी से किसी दूसरी जगह की आवाज़ आ गई थी।"

"सर, दूसरी जगह की तो..."

"आप इस लाइन में रहना चाहती हैं ना? भिलाई छोटी जगह है।"

मी व्हिडिओ काढला. मी ते वाक्य लिहिलं. उभ्यानं, लॅपटॉपवर वाकून, ते शेजारी उभे असताना, त्यांनी सांगितलेल्या शब्दांत. वर जोडलेल्या हातांचं एक चित्रही टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं ते टाकायला. नवऱ्यानं ट्रायपॉडची बॅग उचलली.

आई-बाबा आमच्याजवळच राहतात. घरी बाबा टीव्हीसमोर बसले होते. मीच सकाळी त्यांना लिंक लावून दिली होती, मॅडमविषयी त्यांना फार आदर. बाबा प्लांटमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "काढून टाकलं न ते? बरं केलं. वाद कायले वाढवा."

"बाबा, तुमी ऐकलं न काय बोलला तो?"

"ऐकलं. लय ऐकलं जिंदगीत. कोणाकोणाच्या तोंडाले लागशीन?"

मी त्यांच्यावर ओरडले. जे व्यवस्थापकाला बोलायला हवं होतं ते सगळं मी सत्तरी ओलांडलेल्या बापाला बोलले. त्यांनी टीव्ही बंद केला आणि आत जाऊन पडले. आई म्हणाली, "त्यायच्यावर कावून चिडून राहिली? त्यायनं काय केलं?" काहीच केलं नाही म्हणूनच चिडले होते. आणि मीही काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. कोचिंग क्लासला सुट्टी नसते, जिन्यावर मुलांच्या चपलांचा ढीग होता. त्यातून वाट काढत, गुडघ्यावर हात ठेवत मॅडम वर आल्या. एकट्या. मी उठून उभी राहिले, शाळेत राहायचे तशी.

"पोरगी रात्रभर झोपली नाई," त्या बसत म्हणाल्या. "मले सांगून नाई राहिली काय झालं ते. नुसती रडते. तिच्या सासूनं सांगतलं. पण सासूच्या तोंडून किती बरोबर आलं, किती नाई, काय माहीत. मले ऐकव."

"मॅडम, कायले ऐकता? नका ऐकू."

"व्हिडिओ काढला म्हणते. तुह्याजवळ असनच."

माझ्याजवळ होता. प्रत्येक कार्यक्रमाची एक प्रत माझ्या मशीनवर राहते. मी त्यांना हेडफोन दिले. त्यांना ते नीट लावता येईनात, मी लावून दिले. चाळीस सेकंद त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पुन्हा." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले. प्राचार्यांच्या हसण्यापाशी त्यांच्या भुवया जवळ आल्या, वर्गात कुणी पायरी गाळली की यायच्या तशा.

हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवले. मोबाइल पर्समधून काढला, चष्मा लावला आणि माझीच सूचना मला वाचून दाखवली. "तकनीकी खराबी के कारण किसी दूसरी जगह की आवाज़." मग मोबाइल माझ्यासमोर धरला.

"हे तुनं लिहिलं?"

"हो."

"कोणती खराबी?"

मी टेबलावरची वायर सरळ करायला लागले.

"मी विचारून राहिली. कोणती खराबी होती सांग. मशीन बिघडली होती का?"

"नाई."

"दुसऱ्या जाग्याचा आवाज होता का?"

"नाई मॅडम. माह्याकडून त्यायचा माईक चालू राहिला. चूक माही होती."

"हो, ते चूक आहे. ते तुही. अन् ते जे बोलले ते? तेही तुही का?"

"त्यायनं लिहाले लावलं..."

"त्यायनं लावलं, अन् तुनं लिहिलं. माह्या पोरीनं सोताच्या कानानं ऐकलं, अन् तू तिले सांगून राहिली का ते दुसऱ्या जाग्याचं होतं. म्हणजे ते खोटी, तिची सासू खोटी, ऐकणारे सारे खोटे. खरा फक्त तो."

मला रडू फुटलं. त्यांनी मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "कोणासाठी रडून राहिली? माह्यासाठी का सोतासाठी?"

मी खरं उत्तर दिलं. "सोतासाठी."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मले एक कॉपी दे. बाकी तुले जे लिहाचं ते लिही. तुहा धंदा आहे, तुहं घर आहे. मी सांगणार नाई."

मी पेन ड्राइव्ह दिला. त्यांनी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा एकेक पायरी करत उतरल्या. मी वरून पाहत होते. खालच्या वर्गातल्या मास्तरानं त्यांना ओळखलं असावं, तो बाहेर येऊन पाया पडला.

त्या दुपारी मी सूचना बदलली. नवं वाक्य लिहायला मला दोन तास लागले, कारण प्रत्येक वेळी त्यात कुठेतरी "क्षमा" किंवा "गैरसमज" येऊन बसायचं. शेवटी एवढंच ठेवलं. काल लिहिलेली सूचना खोटी होती. यंत्रात काही बिघाड नव्हता. ऐकू आलेला आवाज त्याच मंचावरचा होता. माईक चालू राहिला ही माझी चूक. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. व्हिडिओ पुन्हा टाकू का म्हणून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "भाषणासकट टाक. नुसते ते चाळीस सेकंद नको." मी तसाच टाकला.

संध्याकाळपर्यंत व्यवस्थापकाचे फोन सुरू झाले. मानहानीचा दावा लावू, पोलिसात जाऊ. दावा आला नाही, पोलीसही आले नाहीत. आली ती शांतता. तीन शाळांचे कार्यक्रम ठरले होते, त्यांच्याकडून एकामागोमाग एक निरोप आला की यंदा लाइव्ह नको. सेक्टर दहामधलं एक लग्न होतं, त्यांनी तर फोन उचलणंच बंद केलं. त्यांचा नातू त्या शाळेत होता.

आणि जुने विद्यार्थी! त्यांच्यावर मला जास्त राग आहे. अध्यक्ष जे होते ते होते. हे सगळे मॅडमच्या हातून शिकलेले, मोठ्या मोठ्या कंपन्यांत बसलेले. पहिले दोन दिवस त्यांच्या ग्रुपवर आग लागली होती. मग कुणीतरी संस्थेला पाठवायचं पत्र लिहिलं आणि सह्या मागितल्या. अंगठे आले, जोडलेले हात आले, मेणबत्त्या आल्या. सह्या अकरा. एकानं मला स्वतंत्र मेसेज करून समजावलं की संस्थेशी संबंध बिघडवून काय मिळणार, आणि अध्यक्ष जुन्या पिढीचे आहेत. मॅडम पण त्याच पिढीच्या आहेत, असं मी लिहिलं.

दुसऱ्या कुणी ती चाळीस सेकंदं कापून घेतली, मागे बासरीचं रडकं संगीत लावलं, मॅडमचा हार घातलेला फोटो वर चिकटवला आणि सगळीकडे पाठवून दिलं. हार घातलेला फोटो, म्हणजे जणू त्या गेल्या. मॅडमना हे दिसलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा भडकलेलं पाहिलं. "मले बिचारी करून टाकलं त्यायनं," त्या म्हणाल्या. "मी काय मागून राहिली होती का यायले दया?"

संस्थेनं लेखी काही दिलं नाही. अध्यक्षांनी पालकसभेत आधी सांगितलं की आवाज बनावट आहे. मग कुणी फार विचारलं तेव्हा म्हणाले, मजाक था. दोन्ही गोष्टी एकाच सभेत सांगितल्या आणि कुणी उठून विचारलं नाही की बनावट असेल तर मजाक कुणाचा.

पंधरा दिवसांनी एका दुपारी मी मॅडमच्या क्वार्टरवर गेले होते. मुलीशी व्हिडिओ कॉल नीट लागत नव्हता म्हणून त्यांनी बोलावलं होतं. यजमान बाहेर गेले होते. तेवढ्यात फाटक वाजलं आणि प्राचार्य आत आले. हातात मिठाईचा डबा. मला पाहून ते दचकले, पण मॅडमनी मला उठू दिलं नाही.

त्यांना बसवलं, पाणी दिलं. डबा टेबलावर तसाच राहिला. प्राचार्य बराच वेळ उन्हाविषयी बोलले. मग म्हणाले, "मैडम, मैंने तो आपकी तरफ़ से ही बोला था। आपने सुना होगा। रिज़ल्ट वाली बात।"

"सुना," मॅडम म्हणाल्या.

"मेरी भी नौकरी है मैडम। मैं मजबूर था।"

"मजबूर आदमी चुप रहता है, सर। हँसता नहीं।"

प्राचार्यांनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला त्यांची थोडीही दया येत नव्हती. चौतीस वर्षांतली अठरा वर्षं हा माणूस मॅडमशेजारच्या खोलीत बसला होता. त्यांच्या मुलीच्या लग्नात जेवून गेला होता.

मॅडम आत गेल्या आणि ती शाल घेऊन आल्या. दुकानातल्या घडीतच होती, प्लास्टिकसकट. "ये उनको दे दीजिए। हाथ में मत देना। टेबल पर रख देना, दूर से।"

प्राचार्य शाल काखेत घेऊन गेले. ती त्यांनी दिली की घरी नेली, मला माहीत नाही. मिठाईचा डबा मॅडमनी फाटकापर्यंत जाऊन त्यांच्या स्कूटरच्या हुकाला अडकवला. परत येऊन त्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटत असेल. त्या म्हणाल्या, "अठरा वर्सं मी त्यायले चांगला माणूस समजत होती. आता ते पूर्ण गणित पहिल्या पायरीपासून पुन्हा पाहा लागन." आणि मग, "लाव तो फोन. पोरगी वाट पाहत असन."

आता मुलीला मुलगा झालाय आणि मॅडम बहुतेक पुण्यातच असतात. कधी कधी फोन येतो. त्या शाळेविषयी बोलत नाहीत. नव्या गणिताच्या बाईंविषयी मात्र एकदा म्हणाल्या की चांगली शिकवते म्हणतात, पोरायचं नुकसान नाई झालं. मला असं मोठं होता येत नाही. मला ते व्हायचंही नाही.

माझं काम हळूहळू सावरलं. दुर्ग आणि राजनांदगावकडून कामं आली, विहारातले कार्यक्रम आले. बाबा त्या दिवसानंतर त्या विषयावर बोलले नाहीत. पण माझी बदललेली सूचना त्यांनी शेजारच्या काकांना मोबाइलवर दाखवली, असं आईनं सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात त्याच शाळेतून फोन आला. व्यवस्थापक बदलले होते, फोन ऑफिसातल्या क्लार्कचा होता. ॲन्युअल फंक्शन लाइव्ह करायचं होतं.

"आपको पता है मैं कौन हूँ?" मी विचारलं.

"हाँ मैडम, आप तो हमारी पुरानी हैं।"

"पुरानी हूँ, इसलिए बता रही हूँ, नहीं करूँगी। क्यों नहीं करूँगी, वो भी सुन लीजिए।" मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "मैडम, मैं उस दिन हॉल में पीछे खड़ा था। मोबाइल पर लाइव देख रहा था। मैंने भी सुना था।"

"फिर आपने किसी से कुछ कहा?"

"हम क्या कहते, मैडम।"

मी फोन ठेवला. हात गरम झाला होता, फोनही गरम झाला होता. नवरा पलीकडच्या टेबलावर लेन्स पुसत होता, त्यानं वर पाहून विचारलं, "कोन होतं?"

"शाळेतला क्लार्क होता," मी म्हटलं. "त्यानंही ऐकलं होतं म्हणे."